एकशेवीस वर्षांची साडी

सुरतेत, गोडादऱ्यातल्या घराच्या बाहेरच्या खोलीत धनश्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लोखंडी कपाट, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर आणि एक मोबाइल. खिडकीतून दहा ते बाराच्या दरम्यान चांगला उजेड यायचा, तेवढ्यात ती साड्यांचे फोटो काढून घ्यायची. गिऱ्हाइकं मात्र बेल्जियम, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी कुठकुठली. जुन्या रेशमी साड्या घ्यायच्या, धुऊन इस्त्री करून परदेशी साइटवर टाकायच्या आणि पोस्टाने पाठवायच्या, हे काम ती तीन वर्षं करत होती. त्याआधी ती पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या गोदामात घड्या घालायला जायची आणि शेठच्या ऑनलाइन मालाचे फोटोही काढून द्यायची. तिथेच तिला कळलं होतं, की इथे जिचं कोणी पायपुसणं करील अशी साडी तिकडच्या बायका हौसेने घेतात. कोणी तिच्या गोधड्या शिवतं, कोणी नुसतीच भिंतीवर टांगतं.

माल यायचा भागीरथीमावशीकडून. मावशी बोहारीण. मूळची हिंगोलीकडची, आता कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत एकटी राहणारी. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती सोसायट्यांतून फिरायची आणि भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घ्यायची. त्यातल्या रेशमी साड्या वेगळ्या काढून दर शुक्रवारी धनश्रीकडे आणायची. आली की आधी धनश्रीच्या सासूबाईंजवळ, सरलाबाईंजवळ, बसायची. एक अहिराणीत बोलायची, दुसरी हिंगोलीच्या मराठीत, आणि दोघींचं तासभर जमायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मावशीने एक जांभळी साडी आणली होती. बुट्टे बारीक, काठ रुंद. धनश्रीने ती साइटवर टाकली, पण दोन महिने कोणी विचारलं नाही. इतर विकणारे आपल्या साड्यांखाली काय लिहितात ते तिने पाहिलं. जो तो शंभर वर्षं, दीडशे वर्षं असं ठोकून देत होता. मग तिनेही लिहिलं, 'एकशेवीस वर्षं जुनी, राजघराण्यातली.' आठवड्याच्या आत बेल्जियमच्या एलेन नावाच्या बाईने साडी घेतली. ते पाहून तिने बाकीच्या साड्यांखालीही 'शंभर वर्षं' लिहून टाकलं. धनश्रीने पार्सल बांधलं, बाहेरच्या कागदावरही तेच वर्णन उतरवलं आणि पोस्टाच्या परदेशी खिडकीवर देऊन आली.

पाचव्या दिवशी कस्टमचा मेल आला. पार्सल सुरतेतच थांबवलं होतं. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्याचं कागदावर लिहिलं आहे, तरी ती कुठून मिळाली आणि तिच्या वयाची माहिती कोणी दिली, हे दोन दिवसांत कळवावं, असं त्यात होतं. खाली एका कायद्याचं नाव होतं.

तिने ते नाव मोबाइलवर शोधलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत.

तिने ते पान पुन्हा वरपासून वाचलं. आत सासूबाई लसूण सोलत होत्या. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं आणि तिला मात्र वाटत होतं की कोणीतरी आत्ता दार ठोठावील.

तिने साइट उघडली आणि जिथे जिथे 'शंभर वर्षं' लिहिलं होतं त्या साड्या पुसायला लागली. एकेचाळीस साड्या पुसल्या. मग विकणाऱ्यांच्या ग्रुपवर, स्वतःचं नाव न सांगता, 'एका मैत्रिणीचं असं झालंय' म्हणून विचारलं. कोणी लिहिलं, खातं कायमचं बंद होतं. कोणी लिहिलं, घरावर धाड पडते. आणि एकाने लिहिलं, 'तिला सांगा, काही पुसू नका. पुसलं की पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा लागतो.'

धनश्री भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी खरंच दार वाजलं. बाहेर खाकी शर्टातला माणूस, हातात वही.  माणूस म्हणाला, "गॅस मीटर, बेन. रीडिंग लेवानुं छे." तो मीटर बघून गेला तरी ती दाराची कडी धरूनच उभी राहिली. सरलाबाई आतून म्हणाल्या, "काय व्हयनं व धनश्री? तोंड असं पांढरं का पडनं?"

"काही नाही आत्या. ऊन लागलं असेल." सासूबाईंना ती आत्याच म्हणायची.

नवरा वाल्मिक उधन्याच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मेकॅनिक होता. दिवसपाळी करून संध्याकाळी आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हातपाय धुता धुता थांबला.

"साडी खरंच एवढी जुनी आहे?"

"मला काय माहीत? मी आपलं लिहिलं."

"तुला कोणी सांगितलं होतं लिहायला?"

"कोणी नाही."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आपण बाहेरगावचे. इथं आपल्या ओळखीचं एक माणूस नाही पोलिसात. मला खात्यातून काढतील. ते विचारताहेत ना, माहिती कोणी दिली? मावशीचं नाव सांग. साडी तिनेच दिली, हे तर खोटं नाही."

"तिने वय नव्हतं सांगितलं."

"ती म्हातारी. तिला कोण काय करणार आहे?"

धनश्रीने लिहायला घेतलं. दोन वेळा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'सदर साडी मला भागीरथीबाई, राहणार कोसाड आवास, यांनी दिली. ती शंभर वर्षांहून जुनी असल्याचं त्यांनीच मला सांगितलं.' पाठवल्यावर छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तिने भाकऱ्या केल्या, सासूबाईंना औषध दिलं. तो हलकेपणा दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत टिकला. अकराला उत्तर आलं. सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कार्यालयात जबाबासाठी हजर राहावं. सोबत भागीरथीबाईंना आणावं.

रविवारी ती कोसाडला गेली. चौथा मजला, लिफ्ट नाही. मावशी दार उघडं टाकून भांडी राखेने घासत बसली होती, विकायची भांडी चकचकीत दिसावीत म्हणून. धनश्रीला बघून तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई! तू कशी काय? सासूमाय बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. मावशी, उद्या जरा माझ्याबरोबर यायचंय. एका ऑफिसात. ती जांभळी साडी तुम्ही मला दिली, एवढंच सांगायचं आणि सही करायची."

"सही न्हाई येत मला. अंगठा चालंल का?"

"चालेल."

मावशीने हातावरची राख पुसली. "घाबरण्यासारखं तर काही न्हाई न?"

"नाही," धनश्री म्हणाली.

तिने चहा घेतला नाही. चार मजले ती न थांबता उतरली. खाली रिक्षा दिसली तरी ती थांबली नाही, अमरोलीपर्यंत चालत गेली. वाटेत एकदा वाटलं, मागे फिरावं आणि खरं सांगावं. मग मावशी येणार नाही, आणि मावशी आली नाही तर कस्टमचे साहेब काय म्हणतील, या भीतीने तिने पाय उचलले.

सोमवारी मावशी तिच्याआधी येऊन रिक्षा स्टँडवर उभी होती. ठेवणीतली हिरवी साडी, केसांना तेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्ड. वाल्मिकला सुट्टी मिळाली नव्हती, किंवा त्याने मागितली नव्हती. धनश्रीने विचारलं नाही.

कार्यालयात त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दर थोड्या वेळाने एक खाकी गणवेशातला शिपाई फायली घेऊन जायचा. तो दिसला की मावशी अंग चोरून घ्यायची. तिसऱ्या वेळी तिने धनश्रीचा हात धरला. 

"मला या कपड्याचं भ्याव वाटतं बघ," ती कुजबुजली. "मागं एकदा अडाजणला एका बाईची अंगठी हरवली. म्हणली, बोहारणीनं नेली. मला चौकीत बसवलं. सकाळपासून दिवेलागणीपोत्तर. पाणी बी न्हाई दिलं. मंग त्या बाईला अंगठी घरातच घावली. पिठाच्या डब्यात. पर मला कुणी म्हणलं न्हाई की बाई, चूक झाली. नुसतं, जा म्हणले." तिने तोंडावरून पदर फिरवला. "तवापासनं खाकी दिसली की माझ्या पायातलं बळच जातं. तू हाईस म्हणून आले."

धनश्रीला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता नाही तर मग नाही. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात शिपायाने हाक मारली, "धनश्रीबेन कोण? चालो."

साहेब पन्नाशीचे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलावर तिचंच पार्सल उघडं पडलं होतं. जांभळी साडी घडी मोडून पसरलेली. तिने इतक्या काळजीने घातलेली घडी कोणीतरी उलगडून, काठावर टाचणीने एक छोटी चिठ्ठी टाचली होती.

"बेसो," साहेब म्हणाले. दोघी खुर्चीच्या कडेवर बसल्या. साहेबांनी एक कागद उचलला आणि धनश्रीचा मेल गुजरातीत मोठ्याने वाचून दाखवला. मावशीचं सगळं आयुष्य गुजराती दारांमध्ये गेलेलं, तिला शब्दन् शब्द कळत होता. आपलं नाव आलं तशी तिने मान वर केली. 'त्यांनीच मला सांगितलं' हे वाक्य आलं तेव्हा तिने हळूच वळून धनश्रीकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं काहीतरी विचारल्यासारखं.

धनश्रीने नजर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

"मासी," साहेबांनी विचारलं, "ही साडी शंभर वर्षांहून जुनी आहे, असं तुम्ही या बेनला सांगितलं होतं?"

मावशीने पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. 

"मासी, हां के ना?"

"हां साहेब," मावशी म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला. "बोलले असंन. तुमी म्हणता तर बोलले असंन. माझी चूक झाली. मला चौकीत नगा बसवू, साहेब."

साहेबांनी लिहायला पेन उचललं.

धनश्रीला कळलं की आपण सुटलो. एवढं सोपं होतं. साहेब लिहितील, मावशी अंगठा देईल, आपण घरी जाऊ. आणि त्याच क्षणी तिला स्वतःचीच एवढी भीती वाटली, जेवढी त्या खोलीतल्या कोणाची वाटली नव्हती. शेजारी मावशीचे दात वाजत होते. खोलीत एसी होता, पण ते त्यामुळे नव्हतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "नका लिहू."

"काय?"

"मावशीने काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, साडी एका घरातून आली, एवढंच. वय मी लिहिलं. माझ्या मनाने. जुनी म्हटली की विकली जाते म्हणून. राजघराणं वगैरे पण मीच लिहिलं. आणि हा मेल पण खोटा आहे. घाबरून लिहिला." बोलता बोलता तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "बाकीच्या साड्यांखाली पण तसंच लिहिलं होतं. ते मी मंगळवारी पुसून टाकलं. जे करायचं ते मला करा. यांना घरी जाऊ द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग साडीचा काठ उचलून तिच्यासमोर धरला.

"हा जरीचा तार पाहिला? प्लास्टिकचा आहे. आमच्या जाणकारांनी गुरुवारीच लिहून दिलं, साडी फार तर तीस वर्षांची. सुरतमध्ये राहता, साडीचा धंदा करता, आणि जरीचा तार ओळखता येत नाही?"

धनश्रीने तो काठ बोटांत धरून पाहिला.

"म्हणजे गुन्हा नाही?"

"जुनी वस्तू बाहेर पाठवण्याचा नाही. पण कागदावर खोटं लिहिलंत, ते आहे. आणि सरकारी कार्यालयाला खोटी माहिती दिलीत, तेही आहे." ते थोडं थांबले. "मासींनी कबूल केलं, ते मी लिहून घेतलं असतं, तर त्या विनाकारण अडकल्या असत्या. हे तुमच्या लक्षात येतंय का?"

तिने मान हलवली.

तिला नवा जबाब लिहायला बसवलं. दीड पान झालं. खाली सही करताना तिचं नाव तिलाच अनोळखी वाटलं. साहेब म्हणाले, कारवाई काय होईल ते पत्राने कळवू. किती दिवसांत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही. मावशीचा अंगठा कुठेच घेतला नाही.

बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली.  धनश्रीने समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणली. मावशीने घेतली नाही.

"मावशी, माझं चुकलं."

"माझं नाव लिहिलंस तवा काय वाटलं तुला?"

"भीती वाटली."

"मला न्हाई का वाटत भीती?" मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली. "काल माझ्या घरी आलीस. म्या विचारलं, घाबरण्यासारखं न्हाई न? माझ्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणलीस."

धनश्रीने बाटली तिच्याजवळ पायरीवर ठेवली. मावशीने कठड्याला धरून स्वतःला उभं केलं आणि बस थांब्याकडे चालू लागली. धनश्री तिच्या मागे दहा पावलं गेली. मावशी वळली नाही, तशी ती थांबली.

पत्र यायला सव्वीस दिवस लागले. ते सव्वीस दिवस तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की हातातलं काम सुटायचं. मोबाइलवर अनोळखी नंबर आला की ती तो वाजू द्यायची आणि मग तासभर त्याचाच विचार करत बसायची. वाल्मिक एकदा म्हणाला, "तू मध्ये बोलायलाच नको होतंस." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. सरलाबाईंना तिने आपण होऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या शुक्रवारी आणि पुढच्या शुक्रवारी त्यांनी दोन कप चहा मांडला आणि एकटीने प्याला.

पत्रात दंड होता आणि ताकीद होती. तुरुंगाचं नाव नव्हतं. तिने पत्र वाचलं, दंड भरला, आणि भरल्याची पावती कपाटात ठेवताना लक्षात आलं की भीती अजून गेलेली नाही. ती कुठेतरी बसून राहिली होती.

एलेनला तिने खरं कळवलं आणि पैसे परत केले. एलेनने तिच्या दुकानाखाली लिहिलं, 'ही बाई खोटं बोलते.' धनश्रीने ते पुसण्याची विनंती केली नाही. पुसलेल्या साड्या तिने एकेक करून परत टाकल्या. प्रत्येकीखाली लिहिलं, 'वय नक्की माहीत नाही.' विक्री निम्म्याच्या खाली आली. पर्वत पाटियाच्या गोदामात ती सकाळी चार तास पुन्हा घड्या घालायला जाऊ लागली.

कोसाडला ती दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा मावशी घरात होती, तिने बस म्हटलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की आता माल लिंबायतच्या एकाला देते. धनश्रीने मान हलवली. निघताना म्हणाली, "आत्या तुमची आठवण काढतात." मावशी म्हणाली, "तिला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा."

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी दार वाजलं. अजूनही दार वाजलं की धनश्री ते लगेच उघडत नसे. तिने आधी खिडकीतून पाहिलं. बाहेर मावशी उभी होती, काखेत गाठोडं.

"लिंबायतवाला मेल्या भावात मागतो," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. आतून सरलाबाई, "कोण से? भागीरथी का?" म्हणत लगबगीने उठल्या. मावशी आत आली नाही. "थांब माय. आधी हिच्याशी बोलू दे." मग धनश्रीला म्हणाली, "वही हाय का?"

"आहे."

"आन. आता म्या जे सांगंन ते लिहायचं. जेवढं सांगंन तेवढंच. आन् लिहून झालं की मला वाचून दाखवायचं. मंग अंगठा. तुझी सही बी पायजे खाली. कबूल असंल तर गाठोडं सोडते."

धनश्रीने वही आणली आणि उंबऱ्याशीच मांडी घातली. मावशी तिच्यासमोर बाहेरच्या बाजूला बसली, गाठोड्यावर हात तसाच ठेवून. एक साडी तिने ओढून काढली, अबोली रंगाची.

"ही कतारगामच्या सोसायटीतली. दोन डबे आन् एक परात दिली. तिच्या सासूची होती म्हणली ती बाई. कितीक जुनी, मला ठावं न्हाई. लिही."

धनश्रीने लिहिलं.

"वाच आता."

तिने वाचून दाखवलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती.